भाड्याने द्यायला सेकंड-हँड गाडी घेताना काय काय बघावं

स्वतःसाठी गाडी घेताना माणूस आधी मनाला विचारतो. रंग आवडला, सीटवर बसल्यावर बरं वाटलं, म्युझिक सिस्टीम झकास निघाली, की अर्धा सौदा तिथेच होऊन जातो. भाड्याने द्यायची गाडी घेताना हे सगळं बाजूला ठेवावं लागतं, कारण ती चालवणार आहे एक अनोळखी माणूस. तिचा क्लच कुठे पकडतो हे त्याला माहीत नसतं. खड्डा दिसला तर तो ब्रेक लावेलच असं नाही. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला तर 'परवा गाडी परतच द्यायची आहे' म्हणून तो पुढे चालत राहील. अशा हातांत वर्षानुवर्षं टिकेल आणि बिघडलीच तर दोन दिवसांत पुन्हा रस्त्यावर येईल, अशी गाडी आपल्याला शोधायची आहे.

या धंद्यात पैसे बुडतात ते उभ्या गाडीत. महाग घेतलेली गाडी सतत फिरत राहिली तर वर्षा-दोन वर्षांत हिशेब जुळतो. स्वस्तात मिळालेली आणि दर महिन्याला आठवडाभर गॅरेजमध्ये पडून राहणारी गाडी कधीच जुळू देत नाही. त्यामुळे खालची प्रत्येक पायरी वाचताना एवढंच डोक्यात ठेवा: ही गाडी महिन्यातून किती दिवस उभी राहील?

१. गाडी बघण्याआधी कायदा आणि इन्शुरन्स

जाहिराती चाळायला बसण्याआधी दोन गोष्टी विचारून घ्या. पहिली, खासगी वापरासाठी नोंदलेली गाडी भाड्याने द्यायला तुमच्याकडचा कायदा परवानगी देतो का? काही ठिकाणी चालतं, काही ठिकाणी वेगळी नोंदणी किंवा परवाना लागतो. ते न करता गाडी दिली आणि अपघात झाला, तर सगळं गळ्याशी येतं.

दुसरी गोष्ट इन्शुरन्स. खासगी गाडीच्या नेहमीच्या पॉलिसीत 'भाड्याने दिल्यास संरक्षण नाही' असं कलम बहुतेक वेळा असतंच. एजंट तोंडी 'काही होत नाही हो' म्हणेल. त्याच्याकडून ते लिहून घ्या. भाड्याच्या वापराची पॉलिसी कोणत्या मॉडेलला आणि किती जुन्या गाडीला मिळते, तिचा हप्ता किती पडतो, हे आधी कळलं तर यादीतल्या निम्म्या गाड्या तिथेच गळतात.

गाडी एखाद्या ॲपवरून भाड्याने द्यायची असेल तर त्यांचे नियमही आत्ताच वाचा. बहुतेक जण गाडीचं वय आणि ओडोमीटरवरचा आकडा यांना मर्यादा घालतात, आणि मोठ्या अपघातातून उठवलेली गाडी घेत नाहीत. समजा मर्यादा दहा वर्षांची आहे आणि तुम्ही आठ वर्षांची गाडी घेतलीत, तर तिच्याकडून कमवायला तुमच्या हातात दोनच वर्षं आहेत.

२. हिशेब दिवसांत करा

पैशांचा हिशेब करताना आकडे मोठे होतात आणि मन आशावादी होतं. त्यापेक्षा सगळा खर्च 'भाड्याच्या दिवसांत' मोजून बघा. समजा गाडी महिन्यात १५ दिवस भाड्याने जाते. ॲपच्या किंवा एजंटच्या कमिशनमध्ये ४ दिवस गेले. इन्शुरन्सचा महिन्याचा वाटा २ दिवस. सर्व्हिसिंग, टायर, धुणं-पुसणं मिळून ३ दिवस. गाडीची किंमत दर महिन्याला उतरत असते, तिचे २ दिवस. उरले ४ दिवस, तो तुमचा नफा. हे आकडे फक्त रीत दाखवायला घेतले आहेत; तुमच्या भागातले खरे आकडे घालून बघा.

आता याच गाडीचा एखादा पार्ट बाहेरून मागवावा लागला आणि ती ८ दिवस गॅरेजमध्ये राहिली. महिन्याच्या निम्म्या दिवसांना गिऱ्हाईक असतं, म्हणजे भाड्याचे ४ दिवस बुडाले. त्यावरचं कमिशन वाचलं तरी ४ दिवसांच्या नफ्यातले जवळपास ३ गेलेच. गॅरेजचं बिल तर अजून द्यायचंच आहे.

हा हिशेब केला की दोन गोष्टी आपोआप ठरतात. एक म्हणजे हातातले सगळे पैसे गाडीत घालायचे नाहीत. किमान सहावा हिस्सा बाजूला ठेवा. टायर, बॅटरी, ब्रेक, बेल्ट यांपैकी काहीतरी पहिल्या दोन महिन्यांत निघणारच. दुसरी म्हणजे गाडीचं वय. नव्या गाडीची किंमत पहिल्या दोन-तीन वर्षांत सगळ्यात जोरात घसरते. ती घसरण दुसऱ्या कोणीतरी सोसलेली असावी, पण मोठी कामं निघायचा काळ अजून लांब असावा. त्यामुळे तीन ते सहा वर्षांची गाडी बहुतेकांना परवडते.

पेट्रोलचा खर्च इथे धरलेला नाही, कारण ते बहुधा भाडेकरू भरतो. तरी चांगला ॲव्हरेज देणारी गाडी आधी उचलली जाते. स्वस्त गाडी शोधणारं गिऱ्हाईक पेट्रोलचा हिशेब तुमच्यापेक्षा जास्त काळजीने करतं.

३. मॉडेल: जितकी कंटाळवाणी तितकी चांगली

रस्त्यावर उभं राहून दर पाच मिनिटांनी जी गाडी दिसते ती घ्या. असं मॉडेल कोणत्याही मेकॅनिकने शंभरदा उघडलेलं असतं, त्याचे पार्ट दुकानात पडून असतात आणि अपघातात मोडलेल्या गाड्यांचे जुने दरवाजे-आरसेही मिळतात. टोयोटा कोरोला १९६६ पासून विकली जाते आहे आणि आजवर पाच कोटींच्या वर गेली आहे. भाड्याच्या गाड्यांच्या रांगेत ती जगभर दिसते याचं कारण तिच्या देखणेपणात नाही. टोयोटा यारिस, होंडा जॅझ (काही देशांत हीच फिट), सुझुकी स्विफ्ट, माझदा २ ही त्याच पठडीतली नावं. तुमच्या भागात यातली कोणती जास्त खपते ते बघा. दुर्मीळ असेल तर उत्तम गाडीही आपल्या कामाची नाही.

मॉडेलच्या नावापेक्षा इंजिन आणि गिअरबॉक्सची जोडी महत्त्वाची. एकाच गाडीत एक जोडी वर्षानुवर्षं चालते आणि दुसरी मालकाला रडवते. साधं, टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन ही माझी पहिली पसंती. त्यात बिघडण्यासारखं कमी असतं आणि ऑइल बदलायला थोडा उशीर झाला तरी ते सांभाळून घेतं. आधुनिक डिझेल गाडीत धुराची काजळी अडवणारा फिल्टर असतो, आणि तो साफ व्हायला गाडी अधूनमधून लांब, वेगात पळावी लागते. भाडेकरू ती शहरातल्या शहरात फिरवत राहिले तर फिल्टर चोंदतो आणि खर्च मोठा निघतो.

इंजिनचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडवणारा टायमिंग बेल्ट आहे की चेन, हे नक्की विचारा. बेल्ट साधारण लाख ते दीड लाख किलोमीटरच्या आसपास, किंवा कंपनीने सांगितलेली वर्षं भरली की, बदलावा लागतो. बऱ्याच इंजिनांत तो तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आपटतात आणि इंजिनच उघडावं लागतं. बदलल्याचं बिल नसेल तर तो बदललेला नाही असंच समजा आणि किमतीत धरा. काही छोट्या टर्बो इंजिनांत हा बेल्ट ऑइलमध्ये बुडालेला असतो. फोर्डचं १ लिटरचं इकोबूस्ट आणि प्यूजो-सिट्रोएनचं १.२ लिटरचं प्युअरटेक ही त्यातली ठळक उदाहरणं. बेल्टचा चुरा ऑइलमध्ये उतरतो, पंपाची जाळी अडते आणि इंजिनला ऑइल मिळेनासं होतं. वेळेवर आणि योग्य ऑइल घातलेली गाडी असेल तर ठीक, पण सेकंड-हँड बाजारात ते सिद्ध करणारे कागद क्वचितच मिळतात.

गिअरबॉक्सवर थोडं थांबू, कारण सगळ्यात महाग धक्का इथून बसतो. ऑटोमॅटिक गाडीला गिऱ्हाईक जास्त मिळतं, विशेषतः परगावचं. शिवाय मॅन्युअल गाडीत अनोळखी माणूस क्लचवर पाय ठेवून गाडी चालवतो तेव्हा क्लच प्लेट तुमची जळत असते. पण 'ऑटोमॅटिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या गिअरबॉक्सचे चार-पाच प्रकार आहेत. टॉर्क कन्व्हर्टरवाली (क्लचऐवजी द्रवातून ताकद पोचवणारी) जुनी पद्धत सगळ्यात दणकट. सीव्हीटी (ठरलेल्या गिअरांऐवजी पट्ट्यावर चालणारे गिअरबॉक्स) चांगल्याही असतात, पण निसानच्या काही वर्षांच्या सीव्हीटीबद्दल इतक्या तक्रारी झाल्या की अमेरिकेत कंपनीला अनेक मॉडेलांची वॉरंटी वाढवावी लागली. कोरड्या क्लचचा ड्युअल क्लच (दोन क्लच आलटून-पालटून वापरणारा) गिअरबॉक्स तर भाड्याच्या गाडीत टाळाच. फोर्डच्या फिएस्टा आणि फोकसमधला पॉवरशिफ्ट गर्दीत धडधडतो, अशा तक्रारी बऱ्याच देशांत झाल्या, आणि त्या ग्राहकांना दिलेल्या वागणुकीवरून २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या न्यायालयाने फोर्डच्या तिथल्या कंपनीला एक कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला. एएमटी म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सच, त्याचा क्लच यंत्र दाबतं. स्वस्त असतो, पण चढावर गाडी ॲक्सिलरेटरवर धरून ठेवणारा भाडेकरू भेटला की क्लच तिथेही जळतोच.

हायब्रिड घ्यावी का? टोयोटाच्या हायब्रिडमध्ये पट्ट्याची सीव्हीटी नसते, ग्रहमालेसारखी गिअरची रचना असते आणि ती फार टिकते. शहरात फिरणाऱ्या भाड्याच्या गाडीला ती फायद्याचीही ठरते. फक्त टोयोटाच्या प्रिअस या हायब्रिडमध्ये मागच्या सीटच्या बाजूला बॅटरी थंड ठेवणाऱ्या हवेची जाळी असते. पाळीव प्राण्यांचे केस आणि धूळ तिथे अडकली की बॅटरी तापून लवकर थकते, तेव्हा त्या जाळीत टॉर्च मारून बघा. विजेवरच्या गाडीचं गणित सगळं बॅटरीच्या उरलेल्या क्षमतेवर आणि चार्जिंगच्या सोयीवर असतं. पहिलीच गाडी असेल तर त्या वाटेला जाऊ नका, असं मी म्हणेन.

बाकीच्या निवडी पटकन करता येतात. चार दरवाजे हवेतच, आणि डिकीत दोन मोठ्या बॅगा बसल्या पाहिजेत. पांढरा किंवा चंदेरी रंग घ्या. काळ्यावर प्रत्येक ओरखडा ओरडून दिसतो. सीटचं कापड गडद असू दे. चाकं छोटी आणि टायर जाड असलेली गाडी घ्या, कारण रुंद पातळ टायर फुटपाथच्या कडेला घासले की रिमच जातो. स्टेपनी आहे का बघा, हल्ली बऱ्याच गाड्यांत नुसतं पंक्चर किट येतं. चावीत इमोबिलायझर (खरी चावी नसेल तर इंजिन सुरू होऊ न देणारी सोय) असलाच पाहिजे. अमेरिकेत काही वर्षांच्या ह्युंदाई आणि किया गाड्यांत तो नव्हता आणि २०२१ नंतर त्या गाड्यांच्या चोऱ्यांची लाट आली होती. रोज नव्या माणसाच्या हातात चावी देणाऱ्याने ही जोखीम घेऊ नये.

४. कागद आधी, गाडी नंतर

विकणाऱ्याकडून कागदांचे फोटो आधीच मागवा. चेसिस नंबर १७ अक्षरा-आकड्यांचा असतो आणि त्यात इंग्रजीतली आय, ओ आणि क्यू ही अक्षरं नसतात. तो नंबर काचेखालच्या पट्टीवर, दरवाज्याच्या चौकटीवर आणि कागदांवर अगदी सारखा असला पाहिजे. एका अक्षराचाही फरक निघाला तर नमस्कार करून निघा.

त्याच नंबरावरून कंपनीच्या वेबसाइटवर किंवा सर्व्हिस सेंटरवर रिकॉल बाकी आहे का ते बघता येतं. ताकाता कंपनीच्या एअरबॅगमुळे जगभरातल्या कोट्यवधी गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्यांतलं अमोनियम नायट्रेट उष्णता आणि दमटपणाने बिघडतं, आणि एअरबॅग उघडताना धातूचे तुकडे उडतात. दुरुस्ती कंपनी फुकट करते, पण अनेक मालक गेलेलेच नसतात. ही गाडी उद्या तुम्ही दुसऱ्याच्या हातात देणार आहात.

सर्व्हिसची बिलं तारखेप्रमाणे लावा आणि किलोमीटरचा आकडा चढता आहे का बघा. मध्येच दोन वर्षं कोरी असतील तर कारण विचारा. गाडीवर कर्ज बाकी नाही याचा पुरावा घ्या, तोंडी शब्द चालणार नाही. मालक वारंवार बदललेली गाडी असेल तर प्रत्येकाने ती लवकर का विकली, हा प्रश्न उरतोच.

आधी भाड्यानेच चालवलेली गाडी घ्यावी का, असं बरेच जण विचारतात. मोठ्या कंपन्यांच्या ताफ्यातल्या गाड्यांची सर्व्हिस बहुधा ठरल्या वेळी झालेली असते आणि त्याची नोंदही असते. हातही मात्र शेकडो लागलेले असतात. किंमत खरंच कमी असेल आणि खालची तपासणी नीट पार पडली, तरच घ्या.

५. थंड गाडी बघा

फोनवरच सांगून ठेवा: 'मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका.' पोचल्यावर पहिल्यांदा बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर कोणीतरी आधीच गाडी गरम करून ठेवली आहे. थंड इंजिन लगेच पकडत नसेल, चेन खडखडत असेल, धूर येत असेल, तर गरम केल्यावर यातलं बरंच लपतं.

उजेडात बघा, पावसात नाही. ओल्या गाडीचा पत्रा सरळच दिसतो. बाजूला वाकून दरवाज्यांच्या रेषेतून नजर फिरवा. फटी सारख्या आहेत का, रंगाची छटा मध्येच बदलते का? बॉनेटच्या आणि फेंडरच्या बोल्टवरचा रंग उडालेला असेल तर ते कोणीतरी उघडलेले आहेत. दरवाज्याच्या रबरावर रंगाचे बारीक शिंतोडे दिसले तर डेंटिंग-पेंटिंग झालेलं आहे. एखादा दरवाजा रंगवलेला असणं हा गुन्हा नाही. पुढचं बॉनेट, रेडिएटरच्या आधाराची पट्टी आणि चेसिसचे लांब दांडे सरळ आहेत का, याला महत्त्व द्या.

पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी चकाचक साफ करून दूरवर नेऊन विकली जाते. ती ओळखायला सीटबेल्ट हळूहळू शेवटपर्यंत बाहेर ओढा. जो भाग एरवी कधी बाहेर येत नाही तिथे गढूळ पाण्याची रेघ राहिलेली असते आणि बोट फिरवलं तर बारीक माती लागते. सीटखालच्या स्क्रूवर गंज, स्टेपनीच्या खड्ड्यात चिखल, हेडलाइटच्या आत धुकं, आणि आत अत्तराचा घमघमाट ही बाकीची लक्षणं. यातली दोन एकत्र दिसली तर थांबू नका. भिजलेल्या वायरिंगचा त्रास सहा महिन्यांनी सुरू होतो आणि तो कुठून येतो ते कोणालाच सापडत नाही.

टायर वाचायला शिका. बाजूवर अंडाकृती चौकटीत चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. गाडी सहा वर्षांची, ओडोमीटरवर पंचवीस हजार, आणि टायर दोनच वर्षांचे असतील, तर पहिले चार टायर एवढ्यात कसे झिजले? नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर खोल असते, आणि बऱ्याच देशांत १.६ मिलिमीटरच्या खाली टायर बेकायदा ठरतो. एकच कड जास्त झिजली असेल तर अलाइनमेंट किंवा सस्पेन्शन बिघडलंय. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी ठेवली होती. चार चाकांना चार कंपन्यांचे स्वस्तातले टायर दिसले, तर मालकाने बाकीच्या गाडीवरही असाच खर्च केला असेल.

ओडोमीटर मागे फिरवता येतो, झीज मागे फिरत नाही. पेडलची रबरं, स्टिअरिंगची वरची कड, ड्रायव्हर सीटची दरवाज्याकडची बाजू बघा. तीस हजार चाललेल्या गाडीत क्लच पेडलचं रबर गुळगुळीत होत नाही.

मग बॉनेट उघडा. डिपस्टिक पुसून पुन्हा बुडवा. ऑइल काळं असलं तरी चालेल, पण ते चिकट डांबरासारखं नको आणि पातळी खालच्या खुणेच्याही खाली नको. ऑइलचं झाकण उघडून आत बघा. तिथे लोण्यासारखा पिवळट फेस असेल तर गाडी फक्त छोट्या अंतरावर फिरत असेल, किंवा हेड गॅस्केट (इंजिनच्या दोन भागांमधलं पॅकिंग) जाऊन कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) ऑइलमध्ये मिसळत असेल. यातलं कोणतं ते कूलंटची टाकी सांगते: पाण्यावर तेलाचा तवंग असेल तर दुसरंच. इंजिन गरम असताना कूलंटच्या टाकीचं झाकण मात्र कधीच उघडू नका, भाजेल.

आता किल्ली फिरवा, पण इंजिन सुरू न करता थांबा. एअरबॅग, एबीएस आणि इंजिनचे दिवे लागले पाहिजेत, आणि एअरबॅगचा दिवा काही सेकंदांनी विझला पाहिजे. एखादा दिवा लागलाच नाही तर खूश होऊ नका. दोष लपवायला कोणीतरी तो काढलेला असू शकतो. मग गाडी सुरू करा आणि मागे जाऊन उभे राहा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. इंजिन तापल्यावरही पांढरा, गोडसर वासाचा धूर येत राहिला तर कूलंट जळतंय. काळा धूर म्हणजे इंधन जास्त जातंय. थंड सकाळी थोडी वाफ दिसतेच, तिला घाबरू नका.

६. चालवून बघा, निदान अर्धा तास

गल्लीला एक चक्कर मारून काही कळत नाही. गर्दी, मोकळा रस्ता, चढ आणि खराब रस्ता, चारही लागले पाहिजेत. रेडिओ बंद ठेवा. विकणारा सारखा बोलत असेल तर त्याला नम्रपणे गप्प बसवा.

ऑटोमॅटिक असेल तर ब्रेकवर पाय ठेवून पुढचा आणि मागचा गिअर टाका. झटका किंवा मोठा आवाज यायला नको. कमी वेगात अलगद ॲक्सिलरेटर दाबा. रस्त्यावर नसलेल्या बारीक खडीवरून चालल्यासारखी गाडी थरथरली, तर सीव्हीटी किंवा टॉर्क कन्व्हर्टर थकलाय. मॅन्युअल असेल तर वरच्या गिअरमध्ये, कमी वेगात, एकदम ॲक्सिलरेटर द्या. इंजिनचा आवाज चढला आणि वेग वाढला नाही, तर क्लच घसरतोय. मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून गोल फिरवा. टक-टक-टक आवाज आला तर ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट गेलाय. जोरात ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग हलत असेल तर डिस्क वाकलीय. त्याचा खर्च फार नाही, पण किमतीत बोलायला तो मुद्दा उपयोगी पडतो.

एसी आल्या-आल्या लावा आणि शेवटपर्यंत चालू ठेवा. थांबल्यावर इंजिन तसंच चालू ठेवून तापमानाचा काटा बघा आणि रेडिएटरचा पंखा फिरतोय ना याची खात्री करा. इंजिन बंद करून दहा मिनिटांनी पुन्हा सुरू करा. काही दोष फक्त तापलेल्या गाडीतच दिसतात. निघताना गाडी हलवून खालची जमीन बघा. एसीचं स्वच्छ पाणी चालतं, बाकी काही नाही.

७. स्कॅनर आणि मेकॅनिक

साधा ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकात नोंदलेले दोष वाचणारं यंत्र) विकत घ्या, तो पहिल्याच गाडीत वसूल होतो. अमेरिकेत १९९६ पासूनच्या आणि युरोपात २००१ पासूनच्या पेट्रोल गाड्यांना त्याचं पोर्ट असतंच. ते बहुधा स्टिअरिंगच्या खाली सापडतं. दोषाचा कोड निघाला तर लिहून घ्या. पी०४२० म्हणजे धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करत नसल्याची खूण, पी०३०० म्हणजे इंजिन मिसफायर (इंधन नीट न पेटणं). पण कोड एकही नाही म्हणून लगेच विश्वास ठेवू नका. स्कॅनरमध्ये 'रेडिनेस' नावाचं पान असतं. गाडीच्या स्वतःच्या चाचण्या पूर्ण झाल्या की नाहीत हे ते दाखवतं. बऱ्याच चाचण्या 'अपूर्ण' दिसल्या तर नुकतेच कोड पुसलेत किंवा बॅटरी काढली होती. त्या चाचण्या भरायला बहुधा काही दिवसांचं नेहमीचं चालवणं लागतं. विकणाऱ्याला सांगा, आठवड्याने परत येतो.

हे सगळं पार पडलं की गाडी तुमच्या मेकॅनिककडे न्या, विकणाऱ्याच्या ओळखीच्याकडे नाही. गाडी लिफ्टवर चढवून घ्या आणि त्याला स्पष्ट सांगा की ही भाड्याने द्यायची आहे. मग प्रश्नही तसेच विचारा: पुढच्या एका वर्षात यात काय काय निघेल? याचे पार्ट किती दिवसांत मिळतात? तुमच्याकडे अशा गाड्या किती येतात आणि कशासाठी येतात? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ऐकायला वेळ काढा. मेकॅनिक मनापासून बोलतो तो यावरच.

विकणारा लिफ्टवर न्यायला तयार नसेल तर विषय संपला. कारण कितीही पटण्यासारखं असो.

८. भाव करताना

मेकॅनिकने सांगितलेल्या कामांची यादी आणि त्यांचा खर्च कागदावर लिहून समोर ठेवा. टायर, बॅटरी, ब्रेक, बेल्ट यांवर किंमत कमी करून घेता येते. गिअरबॉक्स, हेड गॅस्केट, चेसिस आणि पाणी शिरलेलं वायरिंग यांवर भाव करूच नका. ती गाडी कितीही उतरवून मिळाली तरी महागच पडेल.

९. पहिल्या गिऱ्हाइकाआधी

गाडी हातात आली की लगेच यादीत टाकू नका. इंजिन ऑइल, सगळे फिल्टर आणि ब्रेक फ्लुइड बदला. ब्रेक फ्लुइड हवेतला ओलावा शोषून घेतं आणि मागच्या मालकाने ते कधी बदललं होतं हे बहुधा त्यालाही आठवत नसतं. कूलंट तपासून घ्या. बॅटरी चार वर्षांवर गेली असेल तर नवीन टाका. परक्या गावात गाडी सुरू न झालेला भाडेकरू एका रात्रीत तुमचं रेटिंग खाली आणतो. मग दोन आठवडे ती स्वतः वापरा, लांबच्या एखाद्या फेरीसह. जे काही निघायचं ते तुमच्या हातात निघू द्या.

दोन चाव्या आहेत ना बघा; नसतील तर दुसरी बनवून घ्या, आणि पहिली हरवण्याची वाट बघू नका. जॅक, पाना, स्टेपनीतली हवा तपासा. ट्रॅकर बसवला तर भाडेकरूला करारात तसं सांगा, बऱ्याच ठिकाणी न सांगता माग ठेवणं कायद्यात बसत नाही. प्रत्येक वेळी गाडी देताना आणि घेताना चारही बाजू, छत, रिम, काच, ओडोमीटर आणि पेट्रोलचा काटा यांचे फोटो एकाच क्रमाने काढा. क्रम ठरलेला असला की घाईतही एखादी बाजू सुटत नाही. भांडण नेमकं सुटलेल्या बाजूवरूनच होतं.

कंपनीने सांगितलेलं सर्व्हिसचं अंतर भाड्याच्या गाडीला जास्त आहे. ऑइल त्याआधीच, साधारण दोन-तृतीयांश अंतरावर बदला. कोणत्या दिवशी काय केलं, किती किलोमीटरवर केलं, बिल कुठे आहे, याची एक वही ठेवा. ॲपची वयाची किंवा किलोमीटरची मर्यादा यायला सहा-आठ महिने उरले की गाडी विकायला काढा. तोपर्यंत ती चालू असेल, भाड्याने जात असेल, आणि घेणाऱ्यासमोर ठेवायला ती वही तुमच्याकडे असेल.